स्वयंपाकघरातला धूर आणि खिशातली दहा नाणी

तत्त्वज्ञानाचं पुस्तक चाळणाऱ्याला पहिल्यांदा बुचकळ्यात टाकतात ती त्यातली उदाहरणं. डोंगरावरचा धूर, दोरीवर भासलेला साप, ताबा सुटलेली ट्रॅम, दिवसा न जेवताही लठ्ठ असलेला देवदत्त. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आकड्यांचे तक्ते असतात, इतिहासात कागदपत्रं आणि सनावळ्या, वैद्यकात रुग्णांच्या नोंदी. इथे मात्र कधीही न घडलेल्या, चार ओळींत संपणाऱ्या हकिकती, आणि त्यांच्यावर शेकडो वर्षं चाललेले वाद. त्यामुळे चांगल्या वाचणाऱ्या माणसांच्या मनातही या उदाहरणांबद्दल काही समज घट्ट बसलेले असतात. हा विषय शिकवताना ते मला वर्षानुवर्षं भेटत आले आहेत. ते दूर झाल्याशिवाय तत्त्वज्ञानाच्या वाचनात गोडी लागत नाही, म्हणून हा खटाटोप.

गैरसमज: उदाहरण म्हणजे अवघड मुद्दा सोपा करून सांगण्याची सोय

आपल्याकडे हा समज रुजायला चांगलं कारण आहे. मराठी गद्याच्या आरंभकाळातल्या ग्रंथांपैकी एक म्हणजे महानुभावांचा ‘दृष्टान्तपाठ’. चक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टान्त केसोबासांनी त्यात एकत्र केले. त्याची मांडणी तीन पदरी आहे: आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लावून घ्यायचं याचा उलगडा. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यातही आहे. या रचनेत सूत्राचं खरेपण गोष्टीवर टेकलेलं नसतं. ऐकणाऱ्याला एक गोष्ट भिडली नाही तर दुसरी सांगता येते. सूत्र आपल्या जागी राहतं. कीर्तनकार, प्रवचनकार, शाळेतले शिक्षक उदाहरण वापरतात ते याच रीतीने, आणि ती रीत मोलाचीच आहे.

तत्त्वज्ञान तिथे थांबत नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात वृद्ध केफालसशी बोलताना न्यायाची एक कल्पना पुढे येते: खरं बोलणं आणि ज्याचं देणं असेल त्याला ते परत करणं. ऐकायला अगदी रास्त. सॉक्रेटिस विचारतो, एखाद्या मित्राने शहाणा असताना तुझ्याकडे शस्त्रं ठेवायला दिली आणि आता वेडाच्या भरात तो ती मागायला आला, तर ती परत करणं न्यायाचं ठरेल का? केफालस म्हणतो, नाही. व्याख्या तिथेच पडते. या उदाहरणाने व्याख्या सोपी झालेली नाही. तिची परीक्षा झाली आणि ती नापास झाली. उदाहरण काढून टाकलं तर त्या पानावर युक्तिवादच उरत नाही.

तत्त्वज्ञानातलं उदाहरण वाचताना म्हणूनच स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे उदाहरण वगळलं तर लेखकाचं म्हणणं उभं राहतं का? राहत असेल तर ते समजावण्यासाठी आहे. राहत नसेल तर तिथे सावकाश वाचायला हवं.

गैरसमज: एका उदाहरणाने काय होतं? शंभर गोळा करा, मग बोला

सर्वेक्षण करणाऱ्याला हा आक्षेप शोभतो. त्याचं विधान बहुतेकांबद्दल असतं. एक माणूस वेगळा निघाला तर तो अपवाद म्हणून बाजूला ठेवता येतो. ‘ज्ञान म्हणजे अमुक’, ‘न्याय म्हणजे तमुक’ असं म्हणणारा मात्र सगळ्या प्रसंगांबद्दल बोलत असतो, घडलेल्या आणि घडू शकणाऱ्याही. त्याला एक प्रसंग पुरतो.

भारतीय तर्कशास्त्राने हे फार बारकाईने पाहिलं आहे. न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या अनुमानाला पाच अवयव असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. हा डोंगरही तसाच धूर असलेला. म्हणून तिथे अग्नी आहे. उदाहरण हा इथे अनुमानाचा अवयवच आहे, वरून लावलेली नक्षी नव्हे. आणि त्याला अट आहे. ज्या गोष्टीबद्दल सामान्य माणूस आणि चिकित्सक या दोघांचंही एकमत आहे, तीच उदाहरण म्हणून चालते. वादी आणि प्रतिवादी दोघेही चुलीपाशी बसलेले आहेत, दोघांनीही धूर आणि विस्तव एकत्र पाहिला आहे, म्हणून स्वयंपाकघर. जोडीला उलट बाजूचं उदाहरण येतं: तलाव. तिथे अग्नी नाही आणि धूरही नाही.

पुष्कळ स्वयंपाकघरं पाहिली म्हणजे नियम पक्का होतो का, असा प्रश्न नैयायिकांनी स्वतःलाच विचारला. ‘तत्त्वचिंतामणी’ लिहिणाऱ्या गंगेशाचं उत्तर असं की मोजदाद इथे निर्णायक नाही. दोन गोष्टी एकत्र आढळणं आणि त्यांची फारकत झालेली कुठेही न आढळणं, यावर नियम उभा राहतो. हजार चुली पाहिल्या तरी एक फारकत सापडली की संपलं.

ती फारकत कशी दिसते ते पाहण्यासारखं आहे. वरचा नियम फिरवून पाहा: जिथे अग्नी तिथे धूर. वर्षभर स्वयंपाक करणाऱ्यालाही तो खरा वाटू शकतो. त्यावर नैयायिक लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा पुढे ठेवतो. अग्नी आहे, धूर नाही. नियम गेला. पण गोळ्याचं काम एवढ्यावर संपत नाही. चुलीत असं काय आहे जे गोळ्यात नाही, हे शोधायला तो भाग पाडतो, आणि उत्तर मिळतं: ओलं सरपण. धूर अग्नीमुळे नुसता निघत नाही, ओल्या इंधनाशी अग्नीची गाठ पडली म्हणजे निघतो. नैयायिक याला उपाधी म्हणतात. विरुद्ध गेलेल्या एका उदाहरणाने नियम मोडला आणि आपल्या नजरेतून निसटलेली अटही हाती दिली. तत्त्वज्ञानातलं सगळ्यात सुंदर काम मला इथे दिसतं.

विसाव्या शतकात हाच प्रकार एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने केला. 1963 साली ‘अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकात त्याचा तीन पानांचा लेख आला. तोवर अनेकजण मानत होते की ज्ञान म्हणजे खरा असलेला आणि सबळ पुरावा असलेला विश्वास. गेटियर म्हणतो, स्मिथ आणि जोन्स यांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केला आहे. कंपनीच्या प्रमुखाने स्मिथला सांगितलंय की निवड जोन्सची होणार. शिवाय स्मिथने दहाच मिनिटांपूर्वी जोन्सच्या खिशातली नाणी मोजली आहेत: दहा. त्यावरून स्मिथ म्हणतो, ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याला पत्ता नसताना त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात. त्याचं वाक्य खरं निघालं, त्याचा त्यावर विश्वास होता, पुरावाही होता. पण हे त्याला ठाऊक होतं असं आपण म्हणू का? बहुतेकांचं उत्तर येतं: नाही, हा योगायोग.

लोखंडी गोळ्याने जे केलं तेच या नाण्यांनी केलं. कुठली अट सुटली, याचा शोध सुरू झाला. कुणी म्हणालं, पुराव्याच्या वाटेत खोटी पायरी नको. कुणी म्हणालं, विश्वास आणि वस्तुस्थिती यांत कार्यकारणाचा धागा हवा. 1967 साली आल्विन गोल्डमनने ही बाजू मांडली. प्रत्येक दुरुस्तीला नवं उदाहरण भेटत गेलं आणि त्यातून ज्ञानमीमांसेची एक अख्खी शाखा वाढली.

हे सगळं पाश्चात्त्यांनी पहिल्यांदा केलं, असं मात्र कुणी समजू नये. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकाने जवळजवळ हीच कोंडी मांडली होती. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवला आहे, अजून धूर निघालेला नाही. वासाने किड्यांचा थवा वर घोंघावतो आहे. लांबून पाहणारा त्या थव्याला धूर समजतो आणि म्हणतो, तिथे अग्नी आहे. अग्नी खरोखरच आहे. मग त्याला ज्ञान झालं का? बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात झाकल्या मुठीतल्या कवड्यांची संख्या अंदाजाने बरोबर सांगणारा माणूस उभा केला आणि प्रमेच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या, व्याख्यांना घेरलं. बिमल कृष्ण मतिलाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी या चर्चा आधुनिक वाचकांपुढे आणल्या. आपल्या विद्यापीठांत गेटियर शिकवताना धर्मोत्तराचं नाव निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एका उदाहरणाची अशी ताकद गणितातही असते. ऑयलरचा अंदाज होता की एखाद्या संख्येचा पाचवा घात मिळवायला किमान पाच पाचव्या घातांची बेरीज लागेल. 1966 मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणकावर शोधून दाखवलं की 27, 84, 110 आणि 133 या चारच संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज 144च्या पाचव्या घाताइतकी होते. जवळपास दोनशे वर्षांचा अंदाज एका ओळीत निकालात निघाला.

गैरसमज: उदाहरण दिलं की वाद मिटतो

गणितात मिटतो. ज्याला शंका असेल त्याने गुणाकार करून पाहावा. न्यायालयातही एका अर्थाने मिटतो, कारण तिथे मागच्या प्रकरणाला अधिकार असतो: राज्यघटनेच्या 141व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. वकील फार तर दाखवू शकतो की आपलं प्रकरण त्याहून वेगळं आहे. तत्त्वज्ञानातल्या उदाहरणाला असा अधिकार नाही, मग ते अ‍ॅरिस्टॉटलने दिलेलं असो की शंकराचार्यांनी.

देवदत्ताकडे पाहा. तो दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे. म्हणजे रात्री जेवत असणार. इथवर कुणाचंच दुमत नाही. मीमांसक म्हणतात, रात्रीच्या जेवणाचं हे ज्ञान अनुमानाने झालेलं नाही. दोन गोष्टींचा मेळ दुसऱ्या कशानेच बसत नाही म्हणून ती कल्पना करावी लागली. हे अर्थापत्ती नावाचं स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन. नैयायिक म्हणतात, छे, हे अनुमानच आहे, फक्त नकारात्मक व्याप्तीवर, म्हणजे नकारार्थी नियमावर, उभं राहिलेलं: जो रात्री जेवत नाही तो, दिवसाही जेवत नसेल तर, लठ्ठ राहत नाही. उदाहरण एकच, तपशील एकच, उत्तरही एकच, आणि वाद मात्र जिवंत. उदाहरणाने दोघांना एका जागी आणून उभं केलं, म्हणजे मतभेद नेमका कुठे आहे ते दिसलं. एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

कधीकधी माणूस उदाहरणच गिळून टाकतो. बेंजामिन कॉन्स्टंटने आक्षेप घेतला होता की सत्य बोलण्याचं कर्तव्य बिनशर्त मानलं तर घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारणाऱ्या खुन्यालाही खरं सांगावं लागेल. कुणीही म्हणेल, तत्त्व कोसळलं. कांटने 1797 च्या निबंधात उत्तर दिलं की तिथेही खोटं बोलू नये. मला ते उत्तर पटत नाही, पण कांटला उदाहरण कळलं नव्हतं असं म्हणता येत नाही. तत्त्व सोडायचं की उदाहरणाबद्दलचा आपला कौल बदलायचा, ही निवड दर वेळी मोकळी असते. ती करायची कशाच्या बळावर, हाच खरा प्रश्न.

गैरसमज: न घडलेल्या गोष्टींवरून जगाबद्दल काय कळणार?

फिलिपा फुट यांनी 1967 मध्ये ट्रॅमचं उदाहरण दिलं तेव्हा त्यांचा विषय गर्भपात आणि कृतीचे हेतुपुरस्सर व आनुषंगिक परिणाम हा होता. ताबा सुटलेली ट्रॅम एका रुळावर गेली तर पाच कामगार मरतात, दुसरीकडे वळवली तर एक. चालकाने वळवावी, असं बहुतेकांना वाटतं. पण फुट यांनी हे उदाहरण एकटं दिलेलं नाही. त्याच्याशेजारी एक न्यायाधीश आहे: जमाव खवळला आहे, आरोपी सापडला नाही तर अनेकांचे जीव घेईल, एका निरपराध माणसाला फासावर चढवलं तर बाकीचे वाचतील. इथे आकडे तसेच आहेत आणि आपला कौल उलटा. मग फरक आकड्यांत नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे. फुट यांनी तो इजा न करण्याचं कर्तव्य आणि मदत करण्याचं कर्तव्य यांच्या भेदात शोधला. पुढे ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी सांधा बदलणारा बघ्या आणि पुलावरून ढकलला जाणारा लठ्ठ माणूस ही उदाहरणं आणली, आणि 2008 मध्ये त्या बघ्याबद्दलचं स्वतःचंच आधीचं मत त्यांनी मागे घेतलं.

ट्रॅम आणि न्यायाधीश या जोडीत सगळं आहे. एक गोष्ट बदलायची, बाकी सारं तसंच ठेवायचं, आणि आपला निर्णय कशाने हलतो ते पाहायचं. खऱ्या घटनेत शंभर धागे गुंतलेले असतात, म्हणून कल्पित प्रसंग. ट्रॅम कधी अशी सुटली होती का, याने फुट यांच्या म्हणण्याला बाध येत नाही.

अर्थशास्त्रात असा बाध येतो. मिलपासून पुढे अनेक अर्थशास्त्रज्ञ दीपगृहाचं उदाहरण देत आले: जाणाऱ्या जहाजांकडून पैसे वसूल करणं शक्य नाही, म्हणून दीपगृह सरकारनेच बांधावं. 1974 मध्ये रोनाल्ड कोसने ब्रिटनचा इतिहास उघडून दाखवलं की तिथे खाजगी मालकांनी दीपगृहं चालवली होती आणि त्यांचं शुल्क बंदरांत वसूल होत होतं. कोसच्या वाचनावरही नंतर आक्षेप आले. पण मुद्दा असा की ते उदाहरण प्रत्यक्ष जगाबद्दल बोलत होतं, म्हणून जुनी कागदपत्रं त्याला अडचणीत आणू शकली.

तीच ट्रॅम दुसऱ्या शास्त्रात गेली की तिचं कामही पालटतं. ‘मॉरल मशीन’ या प्रकल्पात चालकविरहित मोटारींच्या अशाच कोंड्या लोकांपुढे ठेवून सुमारे चार कोटी निवडी गोळा झाल्या. 2018 मध्ये त्यांचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आले. तिथे लोकांचं उत्तर हीच माहिती आहे. फुट यांना किती लोक काय म्हणतात हे नको होतं. असं म्हणण्यामागचं कारण हवं होतं, आणि ते कारण दुसऱ्या प्रसंगी टिकतं का हे पाहायचं होतं.

कल्पनेलाही मर्यादा आहे, हे मात्र खरं. माणसाची हुबेहूब प्रत मंगळावर तयार करणाऱ्या यंत्राबद्दल डेरेक पारफिटने लिहिलं, तेव्हा ‘तो मीच का?’ या प्रश्नावर आपलं मन देत असलेलं उत्तर किती भरवशाचं मानायचं? कॅथलीन विल्क्स यांनी 1988 मध्ये एक अख्खं पुस्तक याच शंकेवर लिहिलं. आपल्या कल्पना ज्या जगात घडल्या त्याच्या फार बाहेर त्यांना नेलं की त्या काही सांगेनाशा होतात, असा त्यांचा आक्षेप. मला तो बराचसा मान्य आहे.

आणि सगळी उदाहरणं कल्पितही नसतात. 1945च्या व्याख्यानात सार्त्रने आपल्याकडे सल्ला मागायला आलेल्या विद्यार्थ्याची हकिकत सांगितली: आईजवळ राहायचं की इंग्लंडला जाऊन फ्रान्सच्या मुक्तिसेनेत सामील व्हायचं. तिथे प्रसंग खरा असण्याला वजन आहे, कारण कुठलंही तत्त्व त्या मुलाला तयार उत्तर देत नव्हतं, हेच सार्त्रला दाखवायचं होतं.

गैरसमज: उदाहरण निरुपद्रवी असतं, निवडताना फार विचार नको

याबद्दल स्वतः तत्त्वज्ञांनीच सगळ्यात जास्त धोक्याच्या सूचना दिल्या आहेत. विट्गेन्स्टाइनची तक्रार होती की एकाच प्रकारच्या उदाहरणांवर पोसलेला विचार रोगट होतो. ओनोरा ओनील यांनी 1986 च्या लेखात आणखी पुढचं सांगितलं: पुस्तकातला प्रसंग वर्णनासकट तयार मिळतो. काय महत्त्वाचं, काय बिनमहत्त्वाचं हे लेखकाने ठरवून टाकलेलं असतं. आयुष्यात ते वर्णन करणं हेच अर्धं काम असतं. वैद्यकीय नीतीच्या तासाला ‘रुग्णाची संमती’ एका ओळीत येते. वॉर्डात त्या ओळीमागे निर्णय घेणारे दीर, पैसे देणारा भाऊ आणि कोपऱ्यात गप्प बसलेली रुग्ण स्वतः असते. यातलं कोण वर्णनात यायला हवं, हे पुस्तक शिकवत नाही.

दुसरी शंका कौलाबद्दलची. 2001 मध्ये वाइनबर्ग, निकोल्स आणि स्टिच यांनी दाखवल्यासारखं वाटलं की गेटियरसारख्या प्रसंगांवर वेगवेगळ्या संस्कृतींतली माणसं वेगळा कौल देतात, आणि खळबळ उडाली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ते टिकलं नाही; गेटियरच्या बाबतीत तरी देशोदेशीची माणसं बरीच सारखी उत्तरं देतात असं दिसलं. पण त्या वादाने एक चांगली सवय लावली: ‘सगळ्यांना असंच वाटतं’ म्हणण्याआधी विचारून घेण्याची.

माझी स्वतःची हरकत आपल्या परंपरेतल्या एका लाडक्या उदाहरणाला आहे. जे असूच शकत नाही त्यासाठी आपले जुने पंडित तीन दाखले देत आले: सशाचं शिंग, आकाशातलं फूल आणि वांझेचा मुलगा. तिसऱ्या दाखल्यात एका बाईचं दुःख अशक्यतेची खूण म्हणून शेकडो वर्षं वापरलं गेलं, आणि वर्गात बसलेल्या कुणालातरी ते बोचत असणार, हे कुठल्या टीकेत येत नाही. ते सहज बदलता येईल असं वाटतं, पण सशाचं शिंग तिथे पुरत नाही. सशाला शिंग नसतं ही पाहून कळणारी गोष्ट आहे; वांझेचा मुलगा शब्दांतूनच स्वतःला खोडतो, आणि तर्काला तिथे हवी असते ती ही दुसऱ्या जातीची अशक्यता. म्हणून मी वर्गात चौकोनी वर्तुळ सांगते. त्यात तो विरोध पुरेपूर आहे, आणि कुणाला मान खाली घालावी लागत नाही.